राबाची राख, विरलेला चुना व शेतांतील रसायनशास्त्र

वैशाखांत जव्हारहून मोखाड्याकडे निघालें म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस तांबड्या उतारांवर काळे चौकोन दिसूं लागतात. हे भाजलेले राब होत. भात, नागली व वरई यांचें बीं मृगाच्या सुमारास या भाजलेल्या जागेंत पेरावयाचें आणि रोपें हातभर झालीं म्हणजे तीं उपटून खाचरांत किंवा वरकस जमिनींत लावावयाचीं, अशी या डोंगराळ मुलखाची वाडवडिलांपासूनची वहिवाट आहे.

याच दिवसांत आपल्या घरांतील आठवी-नववीचीं मुलें परीक्षा देऊन घरीं आलेलीं असतात. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, आम्ल, आम्लारि हे शब्द त्यांनीं वर्षभर घोकलेले असतात. बाप राब भाजतो, मुलगी व्याख्या पाठ म्हणते, आणि दोघेंही एकाच विषयाचा अभ्यास करीत आहेत हें दोघांच्याही ध्यानांत येत नाहीं. राब भाजावा कीं न भाजावा, राख कोठें टाकावी, चुना घालावा कीं नाहीं, कोणतें खत कोणत्या खताशीं मिसळूं नये, हे सर्व प्रश्न रसायनशास्त्राचे आहेत. त्यांचीं उत्तरें चुकलीं तर मुलांचे चार गुण जातील; शेतकऱ्याचें मात्र शेण, पैसा व हंगाम हीं तिन्ही जातील. म्हणून या लेखांत शाळेच्या पुस्तकांतील आरंभींचीं तत्त्वें आपल्या शेतांतील उदाहरणांनीं सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. वाचकांनीं तीं मुलांस जवळ बसवून वाचावीं, अशी आमची सूचना आहे.

मिश्रण व संयुग

भाताचें बीं पेरण्यापूर्वीं तें मिठाच्या पाण्यांत बुडवून पाहण्याची रीत पुष्कळांस ठाऊक आहे. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवावें, म्हणजे शेंकडा सुमारे ३ चें द्रावण होतें. त्यांत बीं टाकून ढवळलें कीं पोकळ व रोगट दाणे वर तरंगतात, भरीव दाणे तळाशीं बसतात. वरचे दाणे काढून टाकावे व तळचें बीं स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुऊन सावलींत सुकवावें.

येथें मिठाचें काय झालें? तें दिसेनासें झालें, परंतु नाहींसें झालें नाहीं. तेंच पाणी कढईंत आटविलें तर मीठ पुन्हां हातीं येतें. मीठ मीठच राहिलें, पाणी पाणीच राहिलें. दोहोंची केवळ सरमिसळ झाली. यास मिश्रण म्हणतात, आणि अशा बदलास भौतिक बदल म्हणतात.

आतां खुद्द मीठ घ्या. तें सोडियम नांवाचा मऊ धातु व क्लोरीन नांवाचा विषारी वायु यांच्या संयोगानें झालेलें आहे. तो धातु पाण्यांत टाकल्यास पेट घेतो. तो वायु छातींत गेल्यास प्राण घेतो. दोघांच्या संयोगापासून झालेला पदार्थ मात्र आपण रोज भाकरीबरोबर खातों. ज्यांत घटकांचे मूळचे गुण लोपून नवा पदार्थ तयार होतो, तें संयुग. ज्याचे रासायनिक रीतीनें आणखी साधे भाग पाडतां येत नाहींत, तें मूलद्रव्य. सोडियम, क्लोरीन, लोखंड, गंधक, कर्ब, ऑक्सिजन व नत्र हीं मूलद्रव्यें होत.

चुन्याचा हिशेब

रसायनशास्त्राचा पाया तराजूवर आहे. संयोगांत पदार्थाचें रूप पालटतें, पण एकंदर वजन घटत नाहीं व वाढतही नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समधील लाव्हाझिए यानें काळजीपूर्वक वजनें करून हा नियम प्रस्थापित केला. चुन्याच्या उदाहरणानें तो स्पष्ट होतो.

शुद्ध चुनखडी १०० किलो घेऊन भट्टींत भाजली तर ५६ किलो कळीचा चुना उरतो. उरलेले ४४ किलो कोठें गेले? ते कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, या वायूच्या रूपानें हवेंत गेले. ५६ किलो कळीच्या चुन्यावर पाणी ओतलें कीं तो तापतो, फुगतो व १८ किलो पाणी स्वतःमध्यें सामावून घेऊन ७४ किलो विरलेला चुना होतो. हा चुना भिंतीस लाविला म्हणजे हवेंतील तोच वायु हळूहळू परत शोषून घेतो, पाणी सोडून देतो, आणि पुन्हां चुनखडी बनतो. भिंतीवरचा चुना कांहीं महिन्यांनीं कां टणक होतो, याचें हें कारण.

हे आंकडे केवळ परीक्षेपुरते नाहींत. जमिनीचा आंबटपणा मारण्याच्या कामीं ५६ किलो कळीचा चुना, ७४ किलो विरलेला चुना व १०० किलो चुनखडीची भुकटी हीं तिन्ही सारख्याच बळाचीं आहेत, अर्थात् माल शुद्ध असल्यास. दुकानांत भाव विचारतांना एका पोत्याच्या किंमतीकडे न पाहतां हा हिशेब करावा. कळीचा चुना मुलांच्या हातीं देऊं नये. तो कातडी भाजतो, आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो.

आंबट व त्याच्या उलट

लिंबू, चिंच, ताक व आपल्या घरची नागलीची आंबील हे पदार्थ आंबट कां? त्यांत आम्लें आहेत म्हणून. आंबील रात्रभर ठेविली असतां सूक्ष्म जंतु पिठांतील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करितात. ताक आंबतें तेंही याच आम्लानें. आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांस आम्लारि म्हणतात, व त्यांपैकीं पाण्यांत विरघळणाऱ्यांस अल्क म्हणतात. चुन्याची निवळी व राखेचें पाणी हीं अल्कधर्मी आहेत. राखेचें पाणी बोटांस बुळबुळीत लागतें, व साबण नव्हता तेव्हां याच गुणामुळें राखेनें भांडीं व कपडे स्वच्छ होत.

दोहोंची ओळख पटविण्यास हळद पुरेशी आहे. हळदीच्या पाण्यांत कागद बुडवून सावलींत वाळवावा व त्यावर राखेच्या पाण्याचा थेंब टाकावा. पिवळा कागद तांबडा होईल. हळदीवर चुन्याचा संस्कार करून कुंकू करितात, त्यांतील इंगित हेंच. पण हळद आम्ल ओळखीत नाहीं. लिंबाच्या रसानें ती पिवळीच राहते. त्याकरितां तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या ऊन पाण्यांत कुसकराव्या. तें पाणी लिंबाच्या रसानें गुलाबी-तांबडें होतें व राखेच्या पाण्यानें हिरवट होतें.

आतां हिरवट झालेल्या पाण्यांत थेंब थेंब लिंबाचा रस टाकीत जावें. एका क्षणीं हिरवटपणा जातो; आणखी रस पडला कीं तांबडेपणा येतो. आम्ल व अल्क एकमेकांस मारतात, आणि त्यांपासून क्षार व पाणी तयार होतें. यास उदासीनीकरण म्हणतात. येथें एक खुलासा अवश्य आहे. आपण शेतकरी ‘क्षार’ हा शब्द खारवट जमिनीच्या अर्थीं वापरतों. शाळेच्या पुस्तकांत तो आम्ल व आम्लारि यांच्या संयोगानें होणाऱ्या पदार्थास लावितात. मुलांशीं बोलतांना हा भेद ध्यानांत असूं द्यावा.

आम्लता मोजण्याचें माप सन १९०९ मध्यें कोपनहेगन येथील सोरेन्सन या शास्त्रज्ञानें सुरू केलें. त्यास मराठींत सामू म्हणतात. सामू ७ असला म्हणजे पदार्थ उदासीन. ७ हून कमी असल्यास आम्ल. अधिक असल्यास अल्क. चुन्याच्या निवळीचा सामू सुमारे १२ असतो. या मापांत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू ६ असलेल्या मातीहून सामू ५ असलेली माती दहापट आंबट असते. मातीपरीक्षणाच्या पत्रिकेवर पहिल्याच ओळींत हा अंक असतो, परंतु पुष्कळ शेतकरी तो न वाचतांच पत्रिका कपाटांत ठेवितात.

आपली माती तांबडी कां?

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, आणि येथें वर्षास अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तोही बहुतेक चार महिन्यांत. आपल्या डोंगरांचा काळा खडक झिजून जी माती होते, तींत आरंभीं चुना, मॅग्नेशियम, पालाश, लोह व ॲल्युमिनियम हीं सर्व असतात. पावसाचें पाणी हवेंतील कर्बद्विप्राणिद शोषून किंचित् आम्लधर्मी होतें. तें उतारावरून वाहतांना व मातींतून झिरपतांना चुना, मॅग्नेशियम व पालाश धुऊन नेतें. लोह व ॲल्युमिनियम सहजासहजीं विरघळत नाहींत, म्हणून तीं मागें राहतात. लोहाचा ऑक्सिजनशीं संयोग होऊन तांबडा गंज बनतो. नांगराच्या फाळावरचा गंज, उतारावरची तांबडी माती, आणि ज्या गेरूनें भिंत सारवून वारली स्त्रिया तांदुळाच्या पिठाचीं पांढरीं चित्रें काढितात तो गेरू, या सर्वांचा रंग लोह व ऑक्सिजन यांच्या संयुगांमुळेंच आलेला आहे.

अशा मातींत दोन अडचणी उद्भवतात. पहिली, ती आम्लतेकडे झुकते. दुसरी, स्फुरदयुक्त खत टाकल्यास मातींतील लोह व ॲल्युमिनियम त्यांतील स्फुरदाशीं संयोग पावून तें न विरघळणाऱ्या संयुगांत जखडून ठेवितात. सुपर फॉस्फेट हें खत, ज्याच्या निर्मितीचें पेटंट लॉज यानें इंग्लंडांत १८४२ सालीं घेतलें, विरघळणारा स्फुरद देण्याकरितांच निघालें. तें आपण उतारावर मूठ-मूठ फेंकून देतों, व त्याचा बराच भाग रोपाच्या मुळास पोंचण्यापूर्वीं माती गिळून टाकते. उपाय असा कीं, तें कुजलेल्या शेणखतांत मिसळून ओळींत, मुळांच्या जवळ द्यावें; म्हणजे मातीशीं त्याचा संपर्क कमी येतो.

आम्लतेचा त्रास सर्व पिकांस सारखा होत नाहीं. भात व नागली बरीच आम्लता सोसतात. शिवाय खाचरांत पाणी उभें राहिलें कीं आंबट मातीचा सामू आपोआप ७ च्या दिशेनें चढूं लागतो. म्हणून भाताच्या खाचरांत चुना घालण्याची घाई करूं नये. वरकसांतील उडीद व तूर यांची गोष्ट निराळी. त्यांच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र पकडणारे जंतु राहतात, व फार आंबट मातींत त्यांचें काम मंदावतें. तेथें मातीपरीक्षण करून, सांगितलेल्या मापानें, पेरणीच्या महिनाभर आधीं बारीक चुनखडी मिसळणें हितावह होय. जास्वंदीच्या पाण्यानें मातीचा सामू नेमका कळत नाहीं. शेताच्या आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डे घेऊन माती एकत्र करावी, सावलींत वाळवावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावें, व उरलेली अर्धा किलो माती प्रयोगशाळेकडे पाठवावी. आपल्या जिल्ह्यांत कोसबाड येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. तालुक्याच्या कृषि कार्यालयांतही चौकशी करतां येते.

राब जळतो तेव्हां काय होतें?

जळणें म्हणजे ऑक्सिजनशीं वेगानें होणारा संयोग. १२ भाग कर्ब ३२ भाग ऑक्सिजनशीं मिळून ४४ भाग वायु होतो. राबावर आपण शेण, टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून वर मातीचा पातळ थर देतों व आग लावितों. तेव्हां त्यांतील कर्ब व नत्र बहुतेक सर्व हवेंत जातात, व गंधकाचाही बराच भाग जातो. मागें राखेंत राहतात तीं पालाश, चुना, मॅग्नेशियम व स्फुरद. राखेवर लिंबू पिळल्यास बुडबुडे येतात, कारण तींत पालाश व चुना यांचीं कर्बयुक्त संयुगें असतात. आम्लधर्मी मातींत अशी राख रोपांस मानवते, यांत नवल नाहीं.

परंतु राबाचा गुण सगळाच राखेचा नव्हे. सन १९१२ मध्यें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे तत्कालीन प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील राब पद्धतीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्याच्याही पूर्वीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं राबाकरितां टहाळ तोडण्यावरील निर्बंधांविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, व १८८५ सालीं नेमलेल्या मुंबई फॉरेस्ट कमिशनपुढें हा प्रश्न आला होता. मोखाडा तेव्हां इंग्रजी अमलाखालील ठाणें जिल्ह्यांत मोडत होता. जव्हार संस्थान होतें, तें १९४८ सालीं विलीन झालें. सारांश, राब ही अडाणीपणाची चाल म्हणून हंसण्याजोगी गोष्ट नव्हे. माती तापली म्हणजे तणाचें बीं व किडी मरतात, आणि मातींतील कांहीं नत्र अमोनियाच्या रूपानें रोपांस लगेच उपलब्ध होतो. भाजलेल्या राबांतील रोप काळेंभोर व जोमदार दिसतें, त्याचें कारण हें आहे.

आतां दुसरी बाजू. चांगल्या कुजलेल्या शेणखतांत शेंकडा सुमारे अर्धा भाग नत्र असतो. म्हणजे १,००० किलो शेणखतांत ५ किलो नत्र. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असल्यामुळें हा नत्र सुमारे ११ किलो युरियाच्या बरोबरीचा आहे. जें शेण राबावर जळतें, त्यांतील नत्र धुराबरोबर जातो, आणि आषाढांत तोच नत्र आपण दुकानांतून पोत्यांनीं विकत आणितों. त्यांतील कर्बही गेला म्हणजे ज्या ह्यूमसनें उतारावरची माती पाणी व खत धरून ठेवते, तोही गेला. दरसाल टहाळ तोडल्यानें झाडें खुरटतात, तें निराळेंच.

आमची एक चूक

राखेसंबंधीं एक गोष्ट आमच्याच अनुभवाची सांगतों. एके वर्षीं नागलीच्या लावणीच्या वेळीं वेळ वांचावा म्हणून आम्हीं अमोनियम सल्फेट व चुलीची राख एकाच पाटींत कालवून ठेविलीं. दुपारीं पाटी उचलली तों नाकांत झिणझिण्या आल्या व डोळ्यांतून पाणी आलें. आम्हांस वाटलें, खत बनावट असावें. वस्तुतः खत चांगलें होतें. बिघडविलें तें आम्हीं. राखेंतील अल्कानें खतांतील अमोनिया मोकळा केला, व पैसे देऊन आणलेला नत्र डोळ्यांदेखत उडून गेला. त्या वर्षीं तो तुकडा पिवळा राहिला, आणि शेजाऱ्यांस कारण सांगण्याची आम्हांस लाज वाटली.

म्हणून राख किंवा चुना हीं अमोनियायुक्त खतांत, शेणखतांत किंवा मुतरीच्या मातींत कधींही मिसळूं नयेत. युरिया ओल्या मातींत प्रथम अमोनियांतच बदलतो, तेव्हां त्यासही हाच नियम. सुपर फॉस्फेटमध्येंही चुना मिसळूं नये; त्यांतील विरघळणारा स्फुरद पुन्हां न विरघळणारा होतो. दोहोंमध्यें पंधरा दिवसांचें अंतर ठेवावें.

मग राबाचें काय करावें?

आमचें मत असें कीं, राबावर शेण जाळणें आधीं बंद करावें. तें खड्ड्यांत कुजवून गादीवाफ्यांत मिसळावें. राखेकरितां भाताचीं तुसें वापरावीं. डॉ. नारायण सावंत यांनीं पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातलागवडींत रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो तुसाची राख मातींत मिसळण्यास सांगितलें आहे. तींतील सिलिका रोपास कणखर करते. त्याच पद्धतींत गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडतात, व युरिया-डीएपीच्या गोळ्या लावणीनंतर चार रोपांच्या मध्यभागीं खोल खोंचतात. खोल चिखलांत अमोनियाला मातीचे कण धरून ठेवितात, म्हणून तो उडत नाहीं व वाहूनही जात नाहीं. गिरिपुष्प बांधावर लाविल्यास ऐनाच्या टहाळांवरचा भार हलका होईल.

न भाजलेल्या वाफ्यांत तण अधिक उगवतें, व तें खुरपण्यास माणसें लागतात, हें आम्ही लपवीत नाहीं. ज्याच्या घरीं हात थोडे आहेत त्यानें एकदम सारा राब मोडूं नये. यंदा निम्मी जागा नेहमीप्रमाणें भाजावी, निम्म्या जागेंत शेणखत व तुसाच्या राखेचा गादीवाफा करावा. बीं दोन्हीकडे सारखें मोजून टाकावें. खुरपणीचे दिवस, रोपांची उंची व पुढें मळणींतील दाण्याचें वजन हीं घरांतील शिकत्या मुलानें किंवा मुलीनें वहींत लिहावीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व बाकीच्या सारख्या ठेवाव्या, हाच प्रयोगशास्त्राचा पहिला धडा आहे.

नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. धान्यांत इतकें कॅल्शियम क्वचितच आढळतें. चुन्यांतील मूलद्रव्य तेंच, आणि आपल्या मुलांच्या हाडांतीलही तेंच. पण त्याकरितां चुना खाऊं नये. तें मूलद्रव्य नागलीसारख्या अन्नाच्या रूपानें पोटांत जावें. तांबड्या मातींतून तें उचलून दाण्यांत भरण्याचें काम पीक करितें. मातींत तें टिकवून ठेवण्याचें काम आपलें आहे.